मार्च एंडिंग : कृषी केंद्राचा शिल्लक माल, लाल वहीतली उधारी आणि कापसात आलेली वसुली

घाटंजीकर (१ मार्च २०२६)

सर्व सभासदांना नमस्कार. घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात आमचे कृषी केंद्र असून बियाणे, रासायनिक खते आणि फवारणीची औषधे एवढाच माल आम्ही ठेवतो. बाबांनी हे दुकान सव्वीस वर्षे चालवले. गेल्या दिवाळीत त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून सगळा कारभार माझ्याकडे आला आहे. बिले संगणकावर निघतात, जीएसटीची विवरणपत्रे दर तीन महिन्यांनी तालुक्याचे कर सल्लागार भरतात, उधारी मात्र अजूनही बाबांच्या लाल वहीत आहे आणि त्या वहीतल्या निम्म्या खुणा केवळ त्यांनाच कळतात.

गेल्या वर्षी ३० मार्चच्या संध्याकाळी सल्लागारांचा फोन आला, "शिल्लक माल किती धरू?" बाबांनी गोडाऊनच्या दारात उभे राहून आत एक नजर टाकली आणि "धरा अठरा लाख" असे सांगितले. तोच आकडा ताळेबंदात गेला. पुढे कॅश क्रेडिटच्या (मालाच्या तारणावर बँक देते त्या खेळत्या कर्जाच्या) नूतनीकरणासाठी बँकेने कागदपत्रे मागितली, तेव्हा लक्षात आले की त्याच मार्च महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये (मालसाठ्याच्या पत्रकात) आम्ही बँकेला चोवीस लाखांचा माल दाखवला होता. उरलेले सहा लाख कुठे गेले, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नूतनीकरण लांबले आणि ऐन हंगामात मालासाठी हातउसने पैसे घ्यावे लागले.

यंदा हा प्रकार टाळायचा आहे. आमची उलाढाल साधारण १ कोटी ३५ लाख रुपये होईल, त्यापैकी ६० लाख फोनपे, आरटीजीएस व धनादेशाने आलेले आहेत. येणे उधारी २१ लाखांची आहे. तिच्यातील ६ लाख तीन-चार हंगामांपूर्वीचे आहेत आणि दोन खातेदार आज हयात नाहीत. शिवाय पाच शेतकऱ्यांनी यंदा पैशांऐवजी कापूस दिला. एकूण ३८ क्विंटल कापूस मी ७,२०० रुपयांच्या भावाने त्यांच्या खात्यावर जमा धरला आणि गाडी भरून जिनिंगला (सरकी काढणाऱ्या कारखान्याला) दिला. जिनिंगने पट्टी (वजन-भावाची पावती) माझ्या नावाने काढली, रक्कमही माझ्या खात्यात आली. ही नोंद कुठे करायची, हे सल्लागारांनाही मी अजून सांगितलेले नाही.

शेवटची अडचण अशी की, सल्लागार आठ टक्के नफा दाखवून मोकळे व्हा असे सुचवतात. खताच्या एका पोत्यामागे काय सुटते ते या व्यवसायातील लोकांना माहीत आहे. आमचा खरा नफा पाच लाखांच्या पुढे जात नाही. मग कमावलेच नाही ते दाखवायचे कशासाठी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वर्धेचा हिशेबनीस (२ मार्च २०२६)

घाटंजीकर भाऊ, गेली बावीस वर्षे मी किरकोळ दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि त्यांतील निम्म्या ताळेबंदांत शिल्लक मालाचा आकडा तुमच्या बाबांच्याच पद्धतीने आलेला मी पाहिला आहे. नफा-तोटा पत्रकात बाकीचे आकडे बिलांवरून येतात, हा एकच आकडा तोंडी येतो. तो एक लाखाने चुकला की नफाही एक लाखाने चुकतो. म्हणून सुरुवात गोडाऊनपासून करा.

मोजणी ३१ मार्चवर ढकलू नका. आठ-दहा दिवस आधी एकदा पूर्ण मोजा, त्यानंतरची आवक-जावक बिलांवरून जोडा-वजा करा आणि ३१ तारखेच्या रात्री केवळ महागड्या मालाची फेरमोजणी करा. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. मोजणाऱ्याच्या हाती संगणकावरची यादी देऊ नये, कारण यादीतला आकडा दिसला की डोळे थप्पीतही तेवढीच पोती पाहतात. औषधांच्या बाबतीत प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख लिहून घ्या. मुदतबाह्य औषध विकता येत नाही. ते वेगळे काढून त्यावर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारावा लागतो आणि शिल्लक मालात त्याची किंमत धरता येत नाही. कंपनीने ते परत घेतले नाही व तुम्हाला नष्ट करावे लागले, तर खरेदीच्या वेळी घेतलेले जीएसटीचे क्रेडिटही (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) उलटवावे लागते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली, त्यानंतर औषधांच्या जुन्या साठ्याकडे सहजपणे पाहण्याचे दिवस राहिले नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मालाची किंमत खरेदीभावाने धरा. बाजारभाव खरेदीभावापेक्षा खाली गेला असेल तर त्या भावाने. तुम्ही नियमित जीएसटीत असल्याने क्रेडिट घेतलेला कर त्या किमतीत मिळवू नका. कंपन्यांच्या वार्षिक योजनांच्या क्रेडिट नोटा आणि परत केलेल्या बियाण्यांच्या नोटा मार्चमध्येच मागून घ्या. त्या मे महिन्यात येतात आणि मग कोणत्या वर्षात धरायच्या यावर वाद सुरू होतो. खतांसाठी पॉस मशीनवरचा (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खतविक्री नोंदवणाऱ्या यंत्रावरचा) साठा आणि प्रत्यक्ष साठा ग्रेडनिहाय ताडून पाहा. बँकेला मार्चचे जे स्टेटमेंट द्याल ते याच मोजणीवरून द्या. ड्रॉइंग पॉवर (मालाच्या किमतीवरून ठरणारी कर्ज उचलण्याची मर्यादा) वाढवण्यासाठी आकडा फुगवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि तुमचे सहा लाख तिथेच गेले आहेत.

पुरवठादारांच्या देण्याबाबत एक गोष्ट कृषी केंद्रांना हमखास नडते. जुलैमध्ये उधारीवर आणलेल्या औषधांचे पैसे कापूस निघाल्यावर द्यायचे, ही आपली रीत आहे. परंतु बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते, व्याज मात्र गेलेले असते. जुलैच्या बिलांची ती मुदत जानेवारीअखेरपर्यंत संपली, म्हणून आजच पुरवठादारांचे खातेउतारे मागवून तपासा.

आता आठ टक्क्यांविषयी. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीनुसार २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून पूर्ण हिशेबपुस्तकांतून सूट मिळते. तुमच्या आकड्यांवर ६० लाखांचे ३ लाख ६० हजार आणि ७५ लाखांचे ६ लाख, मिळून ९ लाख ६० हजार होतात. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. म्हणजे पाच लाख दाखवा किंवा साडेनऊ लाख, कर तोच. पण पाच लाख दाखवण्यासाठी उलाढाल एक कोटीच्या वर असल्याने आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांहून कितीतरी जास्त असल्याने तुम्हाला सीएकडून कर लेखापरीक्षण करून घ्यावे लागेल आणि त्याची फी द्यावी लागेल. घरची शेती असेल तर तिचे उत्पन्न दराच्या हिशेबात धरले जाते, ते सल्लागारांपासून लपवू नका.

या कलमातील एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. सहा टक्क्यांसाठी पैसे ३१ मार्चपर्यंतच यावे लागतात असे नाही; विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी आलेली या वर्षातल्या विक्रीची उधारीही चालते, मात्र ती बँकेतून आली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत कोणी रोख नोटा घेऊन आला तर त्याला दुकानातला क्यूआर कोड दाखवा.

कापसाची नोंद सोपी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला की ५ टक्के जीएसटी घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो, त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तुम्ही ३८ क्विंटल ७,२०० रुपयांनी घेतला, म्हणजे २ लाख ७३ हजार ६०० रुपयांची खरेदी झाली आणि तिच्यावर १३ हजार ६८० रुपयांचा कर रोखीने भरून त्याचे क्रेडिट घ्यायचे होते. शेतकऱ्यांच्या नावाने स्वतःच बिल बनवायचे होते, त्याची मुदतही ३० दिवसांची असते. जिनिंगला दिला ती तुमची विक्री, ती उलाढालीत मिळेल. पट्टी तुमच्या नावाची आहे. जिनिंगने तुम्हाला शेतकरी समजून त्यांच्या बाजूने रिव्हर्स चार्ज भरला आहे का, हे आधी विचारा आणि मार्चच्या तिमाहीचे विवरणपत्र भरण्यापूर्वी हे निस्तरा. शिवाय कापूस खरेदीसाठी बाजार समितीचा परवाना लागतो, तो तुमच्याजवळ नसावा असा माझा अंदाज आहे. पुढल्या वर्षी कापूस शेतकऱ्याच्याच नावाने बाजार समितीत किंवा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जाऊ द्या. हंगाम २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्यासाठी ८,११० रुपये आहे आणि सीसीआयचे पैसे थेट शेतकऱ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. तिथून त्याने तुम्हाला पाठवले की त्याचेही भले आणि तुमचीही नोंद सरळ.

तुमसरकर (३ मार्च २०२६)

हिशेबनीस साहेबांचे बाकी सगळे मान्य, ४४एडीच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. माझे हार्डवेअर आणि सिमेंटचे दुकान आहे. मीही तीन वर्षे टक्केवारीने नफा दाखवला आणि एका वर्षी नफा खरोखरच कमी झाला म्हणून त्यातून बाहेर पडलो. बाहेर पडल्यावर पुढील पाच वर्षे त्या कलमात परत येता येत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. आता दरवर्षी लेखापरीक्षण चालू आहे. पण त्या निमित्ताने रोजमेळ (रोजच्या रोकडीची वही) आणि खतावणी (खातेनिहाय वही) नीट राहू लागली, आणि नवीन गोडाऊनसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेने खरा ताळेबंद पाहून रक्कम ठरवली. घाटंजीकर भाऊंना दोन-तीन वर्षांत मोठे कर्ज काढायचे असेल, तर त्यांनी टक्केवारीचा आकडा आणि दुकानाचा खरा आकडा असे दोन्ही कागद स्वतःसाठी तरी तयार ठेवावेत. आणि टक्केवारीत गेले म्हणून मोजणी टळत नाही. टक्केवारीवाल्यांच्या सुगम (आयटीआर-४) विवरणपत्रातही शिल्लक माल, येणे, देणे आणि हातातील रोकड हे चार आकडे विचारतातच.

जीएसटीसह किंमत धरण्याची चूक मी स्वतः केली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. त्या दिवशी गोडाऊनमध्ये चारशे पोती होती, ती २८ टक्क्यांनी आणलेली. त्यांचे क्रेडिट खात्यात होतेच, तरीही मुलाने डिसेंबरची यादी करताना करासह किंमत लावली आणि आमचा माल कागदावर विनाकारण महाग झाला. जुन्या-नव्या दराच्या घोळात पुष्कळ दुकानदारांचे यंदा असेच होणार आहे.

जे पूर्ण हिशेबपुस्तके ठेवतात त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल घेतला आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर ठरलेल्या पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम देणे राहिली, तर तेवढा खर्च या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही; ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी होतो. २०२३-२४ पासून हा नियम लागू आहे. मी वखर, डवरे आणि पत्र्याच्या पेट्या गावाकडच्या छोट्या कारखानदारांकडून घेतो आणि त्यांचे पैसे मागे राहिले तरी चालते, असा माझा समज होता. पहिल्याच वर्षी त्या समजाची किंमत मोजली. नुसता व्यापार करणाऱ्या ठोक विक्रेत्यांना हा नियम लागू नाही, म्हणून बिलावरचा उद्यम क्रमांक पाहून समोरचा उत्पादक आहे की व्यापारी, हे विचारून घ्या.

कारंज्याची डाळमिलवाली (५ मार्च २०२६)

आमची लहान डाळमिल आहे आणि पूर्ण हिशेबपुस्तके ठेवावी लागतात. माझे दोन प्रश्न आहेत. तूर आम्ही थेट शेतकऱ्यांकडून घेतो आणि बरेच जण रोखच मागतात. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च अमान्य होतो, असे ऐकले. तसे असेल तर आमची निम्मी खरेदी अमान्य होईल. दुसरे असे की, दुकानातला क्यूआर कोड सुरुवातीला मुलाच्या बचत खात्याचा लावला होता आणि सात महिने गिऱ्हाइकांचे पैसे तिकडेच जमा झाले. त्याच खात्यातून त्याची कॉलेजची फी गेली, मोटारसायकलचा हप्ताही गेला. आता मिलची विक्री कोणती आणि आत्याने दिवाळीला पाठवलेले पैसे कोणते, हे तीनशेच्या वर नोंदींतून वेगळे काढत मी रोज रात्री बसते. ज्यांनी असे केले असेल त्यांनी कृपया आजच खाते बदलावे.

वर्धेचा हिशेबनीस (५ मार्च २०२६)

ताई, १० हजारांची मर्यादा खरी आहे, पण शेतमाल पिकवणाऱ्याला स्वतःला दिलेल्या रकमेला त्यातून सूट आहे. शेतकऱ्याची सही असलेली पावती, वजनकाट्याची चिठ्ठी आणि सातबाऱ्याची प्रत एकत्र टाचून ठेवा. तीच तूर अडत्याकडून किंवा गावच्या व्यापाऱ्याकडून घेतली तर सूट नाही. उलट बाजूने डाळ विकताना एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नका, दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. मुलाच्या खात्याचा उतारा मात्र तुम्हाला ओळीओळीने वेगळा करावाच लागेल. विक्रीच्या नोंदींसमोर बिल क्रमांक लिहा आणि मुलाच्या खात्यातून मिलच्या चालू खात्यात एकरकमी रक्कम वळती करून त्याची नोंद ठेवा.

घाटंजीकर भाऊ, उधारीविषयी लिहायचे राहिले होते. पैशांच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, पण ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात. पाडवा यंदा १९ मार्चला आहे. सालगड्यांचा हिशेब त्या दिवशी होतो, तसाच उधारीचाही करा. प्रत्येक खातेदाराला त्याची बाकी वाचून दाखवा, "एवढी शिल्लक मान्य" असे लिहून तारखेसह सही किंवा अंगठा घ्या. दावा लावण्याचा विचार तुमच्या मनात नसला तरी बँकेला येणे दाखवताना हा कागद उपयोगी पडतो. जे हयात नाहीत त्यांची बाकी बुडीत धरायची तर वहीत तशी नोंद करणे पुरेसे असते, मात्र टक्केवारीने नफा दाखवल्यास तिची वेगळी वजावट मिळत नाही. त्या विक्रीवर भरलेला जीएसटी तर कोणत्याच मार्गाने परत येत नाही.

घाटंजीकर (२२ मार्च २०२६)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गोडाऊनची पहिली पूर्ण मोजणी केली. मी मोजत होतो, बहीण लिहीत होती आणि बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. १०:२६:२६ खताची थप्पी समोरून भरगच्च दिसत होती. वर चढून बॅटरी मारली तेव्हा मागच्या दोन ओळी गुडघ्यापर्यंतच असल्याचे दिसले. टिनाचे पत्रे गळतात त्या कोपऱ्यात युरियाची सात पोती दगड झाली होती. त्यांच्या मागे एका खोक्यात एक लिटरच्या चौदा बाटल्या निघाल्या, मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपलेली. सगळा माल करवजा खरेदीभावाने १९ लाख ४३ हजारांचा भरला. फेब्रुवारीच्या स्टेटमेंटमध्ये आम्ही बँकेला २३ लाख दाखवले होते. उद्या शाखेत जाऊन खरा आकडा सांगणार आहे.

डीएपी खताचा घोळ मात्र मजेशीर निघाला. पॉस मशीनवर ४३ पोती, प्रत्यक्षात ५२. बहिणीने तीनदा मोजली. शेवटी बाबा म्हणाले, "त्या भिंतीजवळच्या पोत्यांवर चिठ्ठ्या पाहा." नऊ पोत्यांवर शेतकऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. पैसे दिलेले, अंगठा लावलेला, बिलही निघालेले. बैलगाडी नव्हती म्हणून पोती आमच्याकडेच ठेवलेली. तो माल आमचा नाही, त्यामुळे शिल्लक यादीतून वगळला. युरियाचे उलट आहे. मशीनवर २१० आणि प्रत्यक्षात, दगड झालेली धरून, २०४. जुलैच्या गर्दीत काही जणांचे अंगठे उमटले नाहीत आणि पोती तशीच गेली, असे बाबा सांगतात.

पाडव्याला उधारीचा हिशेब केला. चौऱ्याऐंशी खात्यांपैकी एकसष्ट जणांनी सह्या केल्या आणि ४ लाख ३० हजार वसूल झाले, त्यातले बहुतेक फोनपेवर. एक वयस्क खातेदार मात्र सही म्हटल्यावर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुह्या बापानं कधी सही नाही मांगली." बाबांनी त्यांना बसवले, वही माझ्याकडून घेतली आणि चष्मा वर करून त्यांची २०२२ पासूनची प्रत्येक उचल मोठ्याने वाचून दाखवली. मध्येच त्यांनी एक चूकही पकडली, सोयाबीनच्या एका बॅगचे पैसे दोनदा धरले होते. ते कमी केल्यावर त्यांनी सही केली. वहीतल्या खुणांचा अर्थही त्याच बैठकीत बाबांकडून लिहून घेतला; फुलीचा अर्थ "पैसे मागू नये, घरी मयत झाली आहे" असा होता, हे मला आजवर माहीत नव्हते.

कापसाबद्दल जिनिंगमध्ये चौकशी केली. त्यांनी मला शेतकरी धरूनच नोंद केली आहे. सल्लागारांना सगळे सांगितले, ते या तिमाहीत दुरुस्ती करणार आहेत. टक्केवारीचे आम्ही यंदापुरते मान्य केले आहे. आता दोनच गोष्टी उरल्या: युरियाच्या सहा पोत्यांचे काय करावे, आणि ३१ तारखेच्या रात्री नेमके काय करायचे?

वर्धेचा हिशेबनीस (२३ मार्च २०२६)

सहा पोत्यांसाठी घरच्या कोणाचा अंगठा लावून मशीन जुळवू नका. हा सल्ला तुम्हाला शेजारचा दुकानदार नक्की देईल. बिले आणि साठा नोंदवही यांच्यासह तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. दगड झालेली सात पोतीही त्याच अर्जात लिहा, नाहीतर पुढच्या तपासणीत तोच प्रश्न पुन्हा येईल.

३१ तारखेला दुकान बंद केल्यावर गल्ल्यातली रोकड नोटांच्या वर्गवारीने मोजून रोजमेळाशी जुळवा आणि त्या कागदावर तुम्ही व बाबा दोघांनी सही करा. रोजमेळात रोकड कोणत्याही दिवशी उणे दिसत असेल, तर कुठेतरी विक्री लिहायची राहिली आहे किंवा खर्चाची तारीख चुकली आहे. शेवटच्या बिलाचा क्रमांक लिहून ठेवा, कारण १ एप्रिलपासून बिलांची नवी मालिका सुरू करायची आहे. संगणकात ती आदल्या दिवशीच तयार करून ठेवा, सकाळी पहिले गिऱ्हाईक उभे असताना नाही. चालू खात्याचा आणि कॅश क्रेडिटचा ३१ मार्चपर्यंतचा उतारा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्या. व्यवसाय कराचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात, त्याची आठवण त्याच फायलीवर लिहून ठेवा. चिठ्ठ्यांची ती नऊ पोती मात्र ३१ च्या आधी ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवा.